धोटा

अर्जावर: रंभाबाई मोगल, वय एकसष्ट, मुक्काम ओझर.
यकृतातला पू, सुईनं ओढलेला.
सिरिंजचं तोंड बंद करून वॉर्डबॉय
शरणपूर रोडवरून पळत आणतो.
विस्तव वाऱ्यावर फुलतो,
हे वाऱ्यावर मरतं.

टोपण काढायच्या आधीच वास सांगतो.
सतरा वर्षांत नाक तयार झालंय:
खवट लोणी, आणि त्याच्याखाली
कित्येक दिवस न उघडलेला डबा.
आलात का, मी म्हणते.
बिनहवेच्या या मंडळींना मी अहो-जाहो करते,
वयाचा मान म्हणून.
पृथ्वीवर प्राणवायू नव्हता तेव्हा
सगळं घर यांच्यासारख्यांचंच होतं.
मग हवा भाडेकरू म्हणून शिरली नि मालक झाली,
आणि हे सरकले मिळेल त्या सांदीत:
चिखलात, आतड्यात,
दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत.

काचपट्टी. जांभळा रंग, आयोडीन, धुणं, गुलाबी रंग.
तेलाचा थेंब, शंभराचं भिंग.
मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळते.
फ्युजोबॅक्टेरियम. पुस्तकात लिहिलंय, चातीसारखा.
लिहिणारा येवल्याला आलेला नसणार.
हा धोटा आहे.
खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या अण्णांच्या
उजव्या हातातून डाव्या हातात,
डाव्यातून उजव्यात,
आणि मी कांड्या भरतेय, शाळेला उशीर होतोय.

तोंडात तो एकटा नसतो.
आधी आलेल्यांना नंतर येणाऱ्यांशी बांधत
दातावर पातळसं कापड विणत बसतो.
तुमच्या तोंडात, माझ्या,
आत्ता खाली चहा पिणाऱ्या रिक्षावाल्याच्या.
वर्षानुवर्षं कुणाला त्रास नाही.
मग कधीतरी एक दाढ किडते,
रक्ताकडे जाणारं दार किलकिलं होतं.

ताटल्या बरणीत रचल्या, पुडी फाडून टाकली, झाकण आवळलं.
निळी पट्टी पांढरी पडली
की आतली हवा संपली.
बाहेर नाशिकची थंडी, आठ अंश.
पेटीत सदतीस.
थांबायचं.

तिसऱ्या दिवशी ताटलीत पावाचा चुरा सांडल्यासारखा.
दिवे घालवून जांभळ्या बत्तीखाली धरला तर
चुरा पोपटी उजळतो.
नियम नसताना मी मिनिटभर जास्त बघते.

डॉक्टर गायधनी फोनवर एवढंच विचारतात,
"दात बघितले का कुणी?"
सून सांगते, दिवाळीपासून दाढ ठणकत होती,
आत्या लवंग धरून द्राक्षाच्या बागेत जायच्या.
कुणाला बोलल्या नाहीत.
आता बोलतात. ताप उतरलाय.

मोठ्या आतड्याच्या गाठींतही हा सापडतो, असं वाचते.
गुन्हेगार म्हणून, की गर्दीतला बघ्या म्हणून,
हे अजून ठरायचंय.
मी वाचते, पान मिटते, पुन्हा उघडते.
अण्णांच्या हिरड्यांतून रक्त येतं.
चूळ मोरीत टाकून ते क्षणभर बघतात
आणि तांब्या ओततात. मला वाटतं,
मी बघितलेलं त्यांना माहीत आहे.

रात्री येवल्याला फोन लावते.
धोट्याचं सगळं सांगते, हसत हसत,
घाबरवायचं नाही असं ठरवून.
ते ऐकतात. मागे माग वाजत नाही,
आता धाकटा विणतो, तो जेवायला बसला असेल.
"रंग कुठला म्हणालीस?"
पोपटी, अण्णा. अंधारात.
बराच वेळ काही नाही.
"पोपटी काठाला चालतो," ते म्हणतात.
"अंगात आला की बिघडवतो."

आणि दाढेचं?

"बघू.
संक्रांतीचे पतंग होऊ देत."